धागा : उणे साठ टक्के! उजनीकाठी ‘वाढ’ म्हणजे नेमके काय?

१/ २०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला. पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर आले, छायाचित्रांसाठी गर्दी लोटली. त्या गर्दीत एक प्रश्न मागे राहिला : धरण ‘उणे’ होते म्हणजे काय होते?

२/ आधी हिशेब. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पूर्ण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजली जाते ती उरलेल्या ५४ टीएमसीची. म्हणजे उणे ६० होणे म्हणजे व्याज संपवून मुदलातून सुमारे ३२ टीएमसी खर्ची पडणे.

३/ या पाण्यासाठी पुणे, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावे उठली. करमाळ्याचे कुगाव आणि इंदापूरचे कळाशी यांच्यामध्ये जलाशय पसरला. २१ मे २०२४ रोजी याच दोन गावांमधली बोट उलटून सहा जण दगावले. हिशेबात धरण उणे होते. माणसे बुडण्याइतके पाणी मात्र होते.

४/ आता संस्था. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ती वाढ गरजेतून आली होती. पुढे गणित उलटले. गाळपक्षमता वाढली म्हणून ऊस हवा, ऊस वाढला म्हणून पाणी हवे. सोलापूर आज कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर आहे. यंत्र थांबले तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. म्हणून कोणीच थांबत नाही.

५/ गंमत अशी, की खुद्द ऊस थांबतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. तो जोमाने वाढत असतो तोवर त्यात साखर कमी असते. थंडी पडते, पाणी तोडले जाते, वाढ मंदावते आणि मग कांड्यांत साखर भरते. ज्या पिकावर हे सारे अर्थकारण उभे आहे, त्याची गोडी थांबण्यात आहे.

६/ न थांबणारी वाढही याच जलाशयात दिसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नदीतून खाली येते, त्यावर जलपर्णी पोसते. मूळची आफ्रिकेची चिलापी जाळ्यात भरपूर येते, स्थानिक मासे मात्र विरळ झाले. वजनकाट्यावर ही वाढच ठरते.

७/ याचा अर्थ धरण नको होते, असा नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या जिल्ह्याला कालव्याचे मोल पुस्तकातून शिकावे लागत नाही. माझा आक्षेप वाढीवर नाही, तिला मर्यादा नाही असे मानण्यावर आहे.

८/ मराठीत ‘वाढणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : मोठे होणे आणि पानात घालणे. पंगतीत वाढणारा आधी पाने मोजतो, मग पातेल्यात डोकावतो. उजनीवरही ऑक्टोबरातला उपयुक्त साठा पाहून उसाचे क्षेत्र ठरायला हवे. आज क्षेत्र आधी ठरते आणि पातेले नंतर खरवडले जाते.

९/ पुढच्या पावसाळ्यात ‘उजनी शंभर टक्के’ ही बातमी आली की आनंद जरूर माना. फक्त सोबत विचारा : पंगतीला किती पाने आहेत, आणि शेवटच्या पानापर्यंत काय पोहोचणार आहे?