नजरबंदीचा रुपया

पैशांच्या जादूला आपल्याकडे दोन नावे आहेत : हातचलाखी आणि नजरबंदी. मला विचाराल तर दुसरे अधिक खरे. हात फार चपळ असावा लागत नाही. नजर मात्र बांधावी लागते, आणि ती बांधून घ्यायला आपण एका पायावर तयार असतो!

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात एक जादूवाला पाहिला. कुणाच्या कानामागून, कुणाच्या टोपीतून रुपये काढून तो खणखण डब्यात टाकीत होता. शंभरावर वर्षांपूर्वी टी. नेल्सन डाउन्स या अमेरिकन जादूगाराने याच खेळावर नाव कमावले. आपल्या जादूगार रघुवीरांनी (१९२४–१९८४) तर मराठी माणसाची हातचलाखी देशोदेशी नेली.

खुबी अशी. उजव्या हातातला रुपया डब्यात पडतच नाही. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा यांच्यामध्ये तो तळव्यात अडकून राहतो. बोटे मोकळी, म्हणून हात रिकामा भासतो. वाजतो तो निराळाच रुपया, डबा धरलेल्या डाव्या हातात आधीपासून दडवलेला! आवाज झाला, म्हणजे 'तो' पडला, हे आपणच ठरवतो. शहाणी माणसे लवकर फसतात ती यामुळेच. लहान मूल आपले "दुसरा हात दाखव" म्हणते आणि बिचाऱ्याची पंचाईत करते.

शिवाय ऐन वेळी जादूवाला विचारतो, "बाळ, नाव काय तुझं?" की सारी गर्दी बाळाच्या तोंडाकडे पाहू लागते. तेवढा क्षण त्याला पुरतो.

इथवर गंमत. पण ही विद्या भामट्यांनाही येते. चमत्काराच्या नावाखाली लुबाडणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साध्या रुमालाला मात्र चमत्कार लागत नाही. माझी मावशी कांदा विकून एस.टी.ची वाट पाहत होती. एक सभ्य दिसणारा तरुण आला. "आजी, हल्ली खोट्या नोटा फार येतात. बघू?" त्याने नोटा तिच्यादेखत मोजल्या, रुमालात बांधल्या, हातात दिल्या. घरी गाठ सोडली, तर वर एक खरी नोट आणि खाली कापलेले कागद! तसाच दुसरा रुमाल त्याच्या खिशात तयार असणार.

"मावशी, तो गाठ मारत होता तेव्हा तू कुठं बघत होतीस?"

"अरे, तो विचारत होता ना, नातवंडं किती म्हणून!"