केस पाहून झूल

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की घरोघरी ट्रंकेतल्या गोधड्या उन्हात पडतात. मुलांना स्वेटर, आजोबांना मफलर, गोठ्यातल्या वासराला पोते. अशा दिवसांत घोडा बाळगणाऱ्यांनाही प्रश्न पडतो, याच्या अंगावर काय घालावे?

आपल्या भागातील अनेक कुटुंबे हैदराबादेत स्थायिक आहेत. 1956 पर्यंत मराठवाडा, बिदर-गुलबर्गा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते, तेव्हापासूनचे हे जाणेयेणे. त्या शहराला घोड्यांचे वेड जुनेच. मलकपेठची शर्यत सहाव्या निजामाच्या, महबूब अली खान यांच्या काळातली. 1975 मध्ये माउंट अबूहून आलेल्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत आयपीएस अधिकाऱ्यांना आजही घोडेस्वारी शिकावी लागते. शहराबाहेर रायडिंग शिकवणाऱ्या संस्था आहेत, तिथे आपलीही मुले जातात. काही पालक पुढे घोडाही घेतात, आणि मग त्याच्या झुलीची चिंता सुरू होते.

झुलीआधी केसांविषयी बोलू. दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. गार वाटले की ते उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. अशा निरोगी घोड्याला पाच अंशांपर्यंतची कोरडी थंडी सहसा जड जात नाही. हैदराबादेत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण चौदा-पंधरावर असतो. थंडीची लाट आली की तो दहाच्याही खाली उतरतो, आणि पाटणचेरू, राजेंद्रनगरकडे शहरापेक्षा अधिक गारठा असतो. तरीही ज्याचे केस शाबूत आहेत, त्याला झुलीची फारशी गरज नाही.

केस भादरलेल्या घोड्याची गोष्ट वेगळी. रोज कष्ट करणारा घोडा दाट केसांत घामाने भिजतो आणि लवकर वाळत नाही, म्हणून केस भादरतात. पण त्याची ऊब आपणच काढून घेतलेली असते, ती परत देणे आपल्याकडे लागते. घोडा रात्रंदिवस मोकळ्या रानात राहणार असेल तर सगळे अंग भादरूच नये. जिथे घाम जास्त येतो तो मानेखालचा, छातीचा आणि पोटाचा भाग भादरावा. पाठीवरचे आणि पायांवरचे केस ठेवावेत.

आता झूल. दुकानात 0, 100, 200, 300 ग्रॅम असे आकडे दिसतात. दर चौरस मीटर कापडात किती भराव आहे, ते हा आकडा सांगतो. 300 ग्रॅमची झूल बर्फाळ मुलखासाठी ठीक आहे. हैदराबादच्या नेहमीच्या रात्रीला बिनभरावाची किंवा जास्तीत जास्त 100 ग्रॅमची पुरते. सर्वांग भादरलेल्या, म्हाताऱ्या किंवा अशक्त घोड्यासाठी लाटेच्या चार रात्रींपुरती 200 ग्रॅमची जवळ असू द्यावी. मोकळ्यावर राहणाऱ्याची झूल पाणी अडवणारी, पण आतला दमटपणा बाहेर सोडणारी हवी. बंगालच्या उपसागरात वादळ झाले की हिवाळ्यातही पाऊस येतो, आणि अंगावर भिजलेली झूल नुसत्या अंगापेक्षा वाईट. कुंपणाला घासून फाटू नये म्हणून कापड 600 डेनिअर किंवा त्याहून दणकट घ्यावे.

माप घेताना छातीच्या मध्यापासून कुशीवरून पुठ्ठ्याच्या मागच्या कडेपर्यंत टेप धरावी. झूल लहान झाली तर खांदे आणि मानेच्या बुडाचा उंचवटा सोलून निघतो. मोठी झाली तर ती सरकते आणि पाय अडकतो.

'घरची घोंगडी टाकली तर?' असे कुणी विचारेल. आपली घोंगडी, कन्नडमधली कंबळी, तेलंगणातही गोंगडी याच नावाने ओळखली जाते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ती ऊब खरी. पण चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी ताठ आणि खरखरीत असते, भादरलेल्या कातडीला ती टोचते. तिला छातीचे बंद नाहीत, पोटपट्टे नाहीत. घोडा लोळला की ती पायांत येणार. काम संपल्यावर मोतद्दार लगाम धरून उभा असेल, तेवढ्या वेळापुरती ती ठीक. रानात सोडलेल्या घोड्यावर रात्रभर नको.

एवढे पाहिले तरी मुख्य प्रश्न उरतो. सकाळी झूल काढणार कोण? हैदराबादेत पहाटे बारा अंश असले तरी दुपारी पारा अठ्ठावीसवर जातो. आपण स्वेटर काढून टाकतो, घोड्याला बंद सोडता येत नाहीत. झुलीखाली तो घामेजतो, कातडी चिघळते, आणि संध्याकाळी ओल्या अंगाने पुन्हा थंडीत उभा राहतो. म्हणून खरेदीआधी मोतद्दाराशी बोलावे. ऊन तापण्याआधी झूल काढणे, सांजेला घालणे, आणि रोज आत हात घालून खांदा व छाती पाहणे हे काम त्याच्या वेळात बसते का? बसत नसेल तर महागड्या झुलीपेक्षा केस न भादरणे बरे. हात घातल्यावर अंग कोमट, कोरडे लागले तर झूल योग्य. ओलसर लागले तर ती जड झाली. कामानंतर घाम वाळेपर्यंत वर झूल घालू नये. एकाची झूल दुसऱ्याला तर मुळीच नाही, गजकर्ण तसेच पसरते.

आणि गारठ्याच्या रात्री चंदी वाढवण्याऐवजी वाळले गवत भरपूर टाकावे. गवत मोठ्या आतड्यात आंबते तेव्हा ऊब तयार होते, ती आतली झूलच समजा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो, कन्नडमध्ये 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. घोड्याच्या बाबतीत मात्र केस पाहून झूल घालावी, आणि ऊन पाहून ती काढावी.