फवारणीनंतर माणूस बरळतोय? 'प्यायला असेल' म्हणून झोपवू नका!

कपाशीवर फवारणी करून आलेला मजूर संध्याकाळी असंबद्ध बोलू लागतो, तोल जातो, घरच्यांना ओळखत नाही. घरचे म्हणतात, 'झोपला की उतरेल.' याच समजुतीत उपचाराचे मोलाचे तास निघून जातात.

यवतमाळमध्ये काय घडले होते?
२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तर शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर एसआयटी नेमली गेली आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. तेव्हा चर्चा मात्र 'मास्क का घातला नाही' याचीच जास्त झाली.

मेंदूवर परिणाम कसा होतो?
मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधे श्वासातून आणि घामेजल्या कातडीतूनही शरीरात जातात. नसांचे संदेश वेळेवर थांबवणारे कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ती निकामी करतात. मग संदेश थांबतच नाहीत. त्यातूनच गोंधळ, बडबड, झटके आणि बेशुद्धी येते.

दारू की विष?
दोन्हींत माणूस बरळतो, उलट्या करतो. पण भरपूर घाम, तोंडातून लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायू फडफडणे आणि धाप ही या विषाची लक्षणे आहेत. मात्र ती सगळी दिसण्याची वाट पाहू नका. फवारणी झाली आहे आणि भान हरपते आहे, एवढे कारण दवाखाना गाठायला पुरेसे आहे.

लगेच काय करावे?
▪ अंगावरचे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत.
▪ उलटी करायला लावू नका. बेशुद्ध असल्यास कुशीवर झोपवा.
▪ १०८ ला फोन करा.
▪ औषधाच्या डब्याचा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या. ऑरगॅनोफॉस्फेटवर अ‍ॅट्रोपिन चालते, पण प्रत्येक कीटकनाशकावर उतारा असतोच असे नाही.
▪ बरे वाटले तरी रुग्णाला घाईने घरी आणू नका. एक ते चार दिवसांतही श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात.

दोष कुणाचा?
औषध विकत घेतो मालक, पंप पाठीवर असतो मजुराच्या. डब्यात काय होते, हे अनेकदा त्याला माहीतच नसते. अंगाची लाही करणाऱ्या उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत उभ्या माणसाला 'काळजी घ्या' सांगून जबाबदारी संपत नाही. लेबल सांभाळून ठेवणे हे मालकाचे काम. हंगामात तालुक्याच्या रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी आणि पुरेसे अ‍ॅट्रोपिन ठेवणे हे सरकारचे. मजुराच्या बरळण्याला दारू समजायचे की विष, हे त्याच्या नशिबावर सोडता येणार नाही.