मोटारीच्या धुराची परीक्षा

पेणची रामवाडी मुंबई–गोवा महामार्गाला लागून आहे आणि एस्. टी. चें स्थानकहि येथेंच. त्यामुळें धूर हा आम्हां रामवाडीकरांस पाहुणा नव्हे. परंतु अलीकडे त्यांत एका नव्या जातीची भर पडली आहे. कारखान्यांतून नीट तयार होऊन आलेली मोटार घ्यावयाची, आणि मग तिचा सायलेन्सर मोठ्या आवाजाचा बसवावयाचा, हवेची गाळणी उघडी करावयाची, इंजिनाच्या संगणकांतील आंकडे फिरवावयाचे, असा हा प्रकार आहे. तरुण मंडळी यास ‘मॉडिफाय’ म्हणतात. संस्कृतांत बदलास विकार म्हणतात, आणि रोगासहि विकारच म्हणतात. दोन्ही अर्थ येथें एकदम लागू पडावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं २०१८ सालची आपली पेट्रोलची मोटार अशीच सजविली होती. विम्याची मुदत संपत आली, तेव्हां धुराच्या प्रमाणपत्राची, म्हणजे ‘पीयूसी’ची, आठवण झाली, कारण विमा नवा करतांना हें प्रमाणपत्र चालू असलें पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१७ चा आदेश तेव्हां होता (ती अट २०२४ सालीं उठली). परीक्षेंत मोटार अर्थातच नापास झाली. “काका, गॅरेजवाला म्हणतो, तेवढ्यापुरतें मी सांभाळून घेतों,” असें तो सांगूं लागला. तीसएक वर्षें मुलांच्या परीक्षा घेतलेल्या माणसास ‘सांभाळून घेणें’ या शब्दांचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाहीं. मीं त्यास एवढेंच विचारलें, “गाडींतून काय काय काढलें आहे, तें अगोदर सांग.”

काढलें होतें तें नेमकें मर्मस्थान. इंजिनाच्या जवळ, धूर बाहेर नेणाऱ्या नळींत एक पत्र्याचा डबा असतो. त्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्यांत मधाच्या पोळ्यासारखीं बारीक घरें असलेला ठोकळा असून, त्या घरांवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मोलाच्या धातूंचा पातळ लेप असतो. हे धातु स्वतः खर्च न होतां विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कर्बाम्लवायु करतात आणि न जळलेलें इंधन जाळून टाकतात. आपल्याकडे १९९५ सालीं चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. शिशानें तो निकामी होतो, म्हणून त्याच वर्षीं तेथें शिसें नसलेलें पेट्रोलहि आलें, आणि २००० सालापासून तें देशभर झालें. असा हा डबा काढून त्या जागीं साधी नळी जोडतात. हेतु हा कीं आवाज वाढावा व किंचित् जोर मिळावा. काढलेला डबा घरीं परत आला नसेल, तर त्यांतील धातूंचें मोल जाणणाऱ्या कोणाकडे तो पोंचला, असें खुशाल समजावें. आमचा सुदैवानें माळ्यावर मिळाला.

या गोष्टीचा मीं इतका आग्रह कां धरावा, असें घरांतल्या कांहींजणांस वाटलें. मोटार उभी राहते ती पडवीच्या छपराखालीं. तिच्यावरच मुलांच्या अभ्यासाच्या खोलीची खिडकी. सकाळीं ती दहा मिनिटें जागच्या जागीं धडधडत असे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूहून दोनशें पटींपेक्षांहि अधिक घट्ट चिकटतो. बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवून माणसें दगावतात, तीं यामुळेंच. परीक्षा सरकारची खरी, पण तो श्वास आमच्या मुलांचा होता.

तयारी म्हणजे मुख्यतः काढलेलें परत बसविणें. डबा व मूळचा सायलेन्सर बसविला, संगणकांतील आंकडे कंपनीचे केले. नंतर हवेची गाळणी, स्पार्क प्लग व ऑक्सिजन सेन्सर तपासून घेतले. इंजिनाचें तेल जुनें होऊन त्यांत पेट्रोल मुरलेलें असेल, तर तेंहि बदलावें. त्याची वाफ इंजिनांत जाऊन आंकडा वाढविते. परीक्षेस जाण्यापूर्वीं मोटार वडखळपर्यंत नेऊन परत आणावी. डब्यांतील धातु सुमारें अडीचशें ते तीनशें अंश सेल्सिअस तापल्यावांचून कामास लागत नाहींत. थंड मोटार घेऊन गल्लींतून थेट केंद्रावर जाणारा चांगली मोटार असूनहि नापास होऊं शकतो.

भारत स्टेज ४ च्या पेट्रोल मोटारीस मंद गतींत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन दशलक्षांत २०० भाग, एवढी सूट आहे. मग मिनिटास सुमारें २५०० फेऱ्यांवर इंजिन ठेवून पुन्हां मोजतात. तेथें कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, आणि हवा व इंधन यांचें प्रमाण दाखविणारा ‘लॅम्डा’ हा अंक ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान हवा. पहिला वायु वाढला तर इंधन जास्त पडतें आहे असें समजावें. दुसरा वाढला तर ठिणगी चुकते आहे किंवा इंधन न जळतां निसटतें आहे. धुराच्या नळीस छिद्र पाडून बाहेरची हवा मिसळण्याची युक्ति कांहीं मिस्त्री सांगतात. तिनें पहिले दोन आंकडे उतरतात खरे, पण लॅम्डा लगेच चुगली करतो. डिझेलच्या गाड्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्या धुराचा काळेपणा मोजतात, आणि तेथें पंप वाढवून इंधन जास्त सोडणें हाच बहुधा मूळ दोष असतो.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें कंपनीच्या मूळ रचनेशीं विसंगत बदल करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच स्पष्ट केलें. सीएनजीची मान्यताप्राप्त जोडणी चालते, परंतु तिची नोंद नोंदणीपुस्तकांत हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनीं दाब-चांचणी हवी. धुराचे नियम मोडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें झाली आहे.

ही परीक्षा परिपूर्ण आहे असें मात्र मी म्हणणार नाहीं. मोटार उभी असतांनाच ती होते. चढावर, ओझें घेऊन ती काय ओकते, तें कोणी पाहत नाहीं. नत्राचे प्राणिद तींत मोजलेच जात नाहींत. पेपर सोपा निघाला म्हणून नक्कल करण्याची मुभा मिळते काय, असें मीं पुतण्यास विचारलें, तेव्हां तो हंसला. परंतु डबा मिस्त्रीकडे स्वतः घेऊन गेला, हें खरें.

प्रमाणपत्र हातीं पडतांच तें विम्याच्या कागदांत घालून विसरूं नये. त्यावर मर्यादा व प्रत्यक्ष मोजणी शेजारींशेजारीं छापलेली असते. भारत स्टेज ४ च्या मोटारीस तें वर्षभर चालतें, त्याआधींच्या मोटारींस सहा महिने. जुना कागद जपून नव्याशीं ताडून पाहावा. मोटार उत्तीर्ण होत असूनहि हायड्रोकार्बनचा आंकडा दर खेपेस चढत असेल, तर स्पार्क प्लगकडे पाहण्यास पुढील परीक्षेची वाट पाहूं नये.