भिंतीच्या भेगेचा हिशेब कोणाकडे?

हिंगोली : भाड्याचे घर सोडताना घरमालक आणि भाडेकरू यांच्यात उडणारा खटका बहुधा भाड्यावरून नसतो, तो अनामत रकमेवरून असतो. मोरीतील फुटलेली फरशी, गळणारी तोटी, भिंतीला गेलेली भेग यांचा खर्च त्या रकमेतून कापायचा की नाही, हा वादाचा मुद्दा. हिंगोली जिल्ह्यात या वादाला आणखी एक पदर आहे. येथील भिंती कोणी हात न लावताही तडकतात.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी जिल्ह्याला काही मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ रिश्टर तीव्रतेचे दोन धक्के बसले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला; त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात होता. वसमत तालुक्यातील पांग्रा शिंदे परिसरात तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांचा अनुभव जुना आहे. त्यात काळ्या मातीची भर. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असेल तर भिंतीवर त्याची खूण उमटते. मग अकरा महिन्यांनी दिसणारी भेग भूकंपाची, मातीची, निकृष्ट बांधकामाची, की भाडेकरूने ठोकलेल्या खिळ्यांची?

कायद्याचे उत्तर कागदावर सोपे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, ताबा घेताना वास्तू ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत ती भाडेपट्टेदाराने परत करावयाची असते. नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि अनिवार्य नैसर्गिक शक्तीमुळे झालेले बदल यांतून वगळलेले आहेत. अकरा महिन्यांचे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नसले, तरी त्यांच्या छापील मसुद्यांतही अशाच आशयाची अट सर्रास आढळते. अडचण एवढीच, की ‘ताबा घेताना असलेली स्थिती’ कोणी लिहूनच ठेवलेली नसते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने कलम ५५ अन्वये लेखी व नोंदणीकृत करार सक्तीचा केला. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली. असा करार नसेल, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कलम २८ घरमालकाला पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी पाहणीचा अधिकार देते. मात्र किल्ली देताना आणि परत घेताना दोघांनी मिळून पाहणी करावी, अशी सक्ती या कायद्यात नाही. अनामत रकमेला कमाल मर्यादाही नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू अधिनियमात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवण्यात आली. रंगरंगोटी आणि अंतर्गत वायरिंग मालकाकडे, तोट्या व बटणांची दुरुस्ती भाडेकरूकडे, अशी वाटणीही त्यात आहे. पण तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज त्याचा उपयोग नाही. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने आरंभी व अखेरी संयुक्त पाहणीचा लेख करणे बंधनकारक आहे आणि दोन्ही लेख जुळले तर महिन्याभरात अनामत परत करावी लागते.

छोट्या शहरात घर ओळखीवर मिळते. ‘तुमच्यावर विश्वास आहे’ म्हणून किल्ली हाती पडते आणि अशा वेळी यादी मागणे अविश्वासाचे वाटते. हा संकोच महागात पडतो, तो मुख्यतः परगावाहून आलेल्यास. हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. औंढा नागनाथजवळच्या दुधाळा येथील ‘लायगो’ प्रकल्पास केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशा संस्थांमुळे येणारे विद्यार्थी आणि कर्मचारी ओळखीच्या जोरावर वाद मिटवू शकणारे नसतात.

वास्तविक काम तासाभराचे आहे. प्रत्येक तोटी उघडून पाहणे, प्रत्येक बटण दाबणे, छताची ओल टिपणे, वीजमीटरचा आकडा लिहिणे, तारखेसह छायाचित्रे काढणे आणि खाली दोघांच्या सह्या. भेगांच्या बाबतीत अभियंते वापरतात ती साधी युक्ती विशेष उपयोगी आहे : भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालायची. पुढे भेग वाढली तर किती आणि कधी, हे भिंतच सांगते. धक्का जाणवल्यावर त्याच दिवशी घरमालकाला छायाचित्रासह कळवले, तर अखेरच्या पाहणीत ‘ही भेग आधी नव्हती’ या वाक्याला उत्तर तयार असते. ही अखेरची पाहणीही सामान टेम्पोत भरल्यानंतर नव्हे, तर आठवडाभर आधी, त्याच कागदावर व्हावी. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूला स्वतः करून घेता येते आणि किल्ली व अनामत यांची देवाणघेवाण एकाच वेळी होऊ शकते.