तगादा, दिवाळे आणि लाज : कर्जवसुलीच्या इतिहासाचा एक धडा

१/ दिनांक १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातले सुपे गाव, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद : कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या, कोर्टाचे हुकूमनामे. जे हाती लागले त्याची होळी झाली.

२/ 'दख्खनचे दंगे' म्हणून हा प्रसंग आपण परीक्षेपुरता वाचतो आणि विसरतो. परंतु आज ज्याच्या दाराशी वसुलीवाला उभा आहे आणि दिवाळखोरीचा विचार ज्याच्या मनात येतो पण ओठांवर येत नाही, त्याला या इतिहासात उपयोगाचे पुष्कळ सापडेल. म्हणून हा धागा.

३/ माझे म्हणणे थोडक्यात असे : धनकोच्या हाती पूर्वापार तीन शस्त्रे होती. लाज, कागद आणि तुरुंग. शेवटच्या दोहोंची धार कायद्याने बरीच बोथट केली. पहिले शस्त्र मात्र आजही तितकेच धारदार आहे, कारण त्याला धार ऋणकोच लावून देतो.

४/ प्रथम लाज. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात 'तगाद्या'चे वर्णन आहे. नुसत्या मागणीपासून ऋणकोला अडवून ठेवणे, त्याचे खाणेपिणे बंद पाडणे, येथपर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. कधी धनको स्वतःच डोक्यावर ओझे घेऊन ऋणकोच्या दारात तिष्ठत राही.

५/ धरण्याचे तंत्रही हेच. धनको दारात उपाशी बसे आणि जनरीत अशी की आतल्यानेही जेवू नये. हात न उगारता केलेली ही जबरदस्तीच होती. १८६० च्या भारतीय दंडविधानाने दैवी कोपाचा धाक घालून दुसऱ्याला काही करावयास लावणे हा गुन्हा ठरवला. तेथे दिलेले उदाहरण दारात धरणे धरणाऱ्याचेच आहे!

६/ आता 'दिवाळे' हा शब्द पाहा. बुडालेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावी, त्यावरून हा शब्द आला असे परंपरेने सांगतात. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवू. कल्पना मात्र अर्थपूर्ण आहे : 'माझ्याजवळ आता देण्यासारखे उरले नाही' असे उघड सांगणे. ज्या प्रथेत प्रांजळ कबुली होती, तिची आपण शिवी करून टाकली.

७/ दुसरे शस्त्र कागद. हिंदू धर्मशास्त्रात दामदुप्पटीचा नियम होता : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने तर कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू रयतेच्या संरक्षणाचा होता.

८/ घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज मुबलक मिळाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. पाठोपाठ शेतसाऱ्याची भरमसाट वाढ झाली. रोखे मात्र वाढतच राहिले. निरक्षर कुणब्याने अंगठा कशावर उठवला, हे त्यालाच ठाऊक नसे.

९/ तिसरे शस्त्र तुरुंग. हुकूमनामा हाती आला की ऋणकोला दिवाणी कैदेत टाकता येई. म्हणजे जो फेडू शकत नाही, त्याला कमावताही येऊ नये अशी ही व्यवस्था!

१०/ दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना. न्यायाधीशाने रोख्यामागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, मुद्दल व व्याजाचा हिशेब वेगळा मांडावा, असे ठरले. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याची कैद बंद झाली.

११/ याच कायद्यात पन्नास रुपये वा अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्यासाठी अर्ज करण्याची वाट होती. मुंबईच्या व्यापाऱ्याला नादारीचा कायदा १८२८ पासून उपलब्ध होता. आता तो कुणब्यापर्यंत पोहोचला. नादारी हा पेढीवाल्यांचाच हक्क नव्हे, हे मान्य झाले.

१२/ आक्षेप रास्त आहे : अशाने कर्ज बुडवण्याची सवय लागणार नाही का? सावकारही हात आखडता घेऊ लागले, गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. हे खरेच. पण नादारी म्हणजे फुकटची माफी नव्हे. मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, हिशेब उघडा करावा लागतो, लबाडीने केलेले कर्ज माफ होत नाही. लबाडाला ही वाट परवडत नाही. ती आहे प्रामाणिकपणे बुडालेल्यासाठी.

१३/ आज? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच लागू झाला आहे. इतरांसाठी मुंबईसारख्या शहरांत १९०९ चा व अन्यत्र १९२० चाच कायदा. जुना, संथ, पण जिवंत. नुसत्या असमर्थतेपायी कैद नको, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे यांवर जप्ती येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

१४/ तरीही नातलगांना फोन करण्याची धमकी येते आणि माणूस एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढतो. हा तीन वर्षांनी नवा होणारा तोच रोखा! १८७९ च्या न्यायाधीशाने जे विचारावयाचे होते तेच आपण विचारावे : मुद्दल किती, व्याज किती, आजवर भरले किती? उत्तर लेखी मागावे. धाकाखाली नव्या कागदावर सही करू नये. घरच्यांना आणि वकिलाला वेळीच सांगावे.

१५/ सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद जाळले, कारण तो कागद उलगडून पाहणारे न्यायालय त्यांना मिळाले नव्हते. आपल्याला ते मिळाले आहे. करडे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार टाकला, तोही एकेकट्याने नव्हे, गावाने मिळून. कर्ज लपवणारा एकटा पडतो आणि वसुलीवाल्याला हवा असतो तो नेमका एकटा माणूस. भरदिवसा दिवा लावण्यात लाज कसली? लाज अंधारात आहे.