सही करण्याआधी शब्द ओळखा



ह्या पानावर आम्ही एरव्ही बेणे, खत आणि पाणी ह्यांविषयी लिहीत असतो. ह्या खेपेचा विषय थोडा निराळा आहे. पण तो उसाच्याच पैशाचा आहे, म्हणून आमच्या कामाबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

मध्यंतरी आम्हांला कामानिमित्त पुण्यास साखर आयुक्तालयात जावे लागले. आपल्या गटातले एक वडीलधारे सभासद, आपण त्यांना नाना म्हणू, त्याच दिवशी पुण्यात होते. त्यांच्या मुलाने विश्रांतवाडीत फ्लॅट घ्यायचे ठरवले होते. नानांचा फोन आला, "साहेब, काम उरकलं की इकडं या. बँकेत सही करायचीय, तुम्ही शेजारी असला म्हणजे बरं." विश्रांतवाडी नानांना नवी नाही. आळंदीहून पुण्याकडे निघालेल्या माउलींच्या पालखीबरोबर ते ह्या रस्त्याने कितीदा तरी चालले आहेत. आता तिथेच पोराचे घर होणार, ह्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

बँकेत कागदांचा गठ्ठा पुढे आला. सगळा इंग्रजीत. नानांनी चष्मा लावला, पेन उघडले. आम्ही विचारले, "नाना, सही कशाबद्दल?" ते म्हणाले, "साक्षीदार म्हणून. पोरगं म्हणालं, नुसती सही करायची." कागदावर शब्द होता 'गॅरंटर'.

साक्षीदार आणि गॅरंटर ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साक्षीदार एवढेच म्हणतो की ही सही माझ्यासमोर झाली. गॅरंटर म्हणजे जामीनदार. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मुलाचे हप्ते थकले तर बँक नानांच्या दारात उभी राहू शकते. मुलाच्या मनात खोट नव्हती; त्या शब्दाचे वजन त्यालाही माहीत नव्हते. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरासाठी जामीन राहीन की. पण जामीन राहतोय हे मला ठावं नको का?" आणि त्यांनी सही केली. हीच सही पंधरा मिनिटे आधी झाली असती तर ती आंधळी सही ठरली असती.

आंधळ्या सहीची किंमत पुणे जिल्ह्याने पूर्वी मोजली आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जखतांवर आणि हुकूमनाम्यांवर. ते कागद हिसकावून त्यांनी जाळले. आपण ज्याखाली अंगठा दिला त्यात काय लिहिले आहे हे कित्येकांना वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी खास कायदा करावा लागला. आज अंगठ्याची सही झाली आहे, पण कागद न वाचता देण्याची चाल तशीच राहिली आहे.

दुसऱ्यांना काय सांगावे, आम्हीही ह्यात फसलो आहोत. शेतकीची पदविका घेतलेले आम्ही, काही वर्षांपूर्वी गाडीसाठी कर्ज काढले. 'शेकडा दहा, फ्लॅट' असे सांगण्यात आले. दहा टक्के म्हणजे स्वस्त, असे समजून मोकळे झालो. फ्लॅट म्हणजे हप्ते फेडत गेलो तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच चालू राहते. एक लाख रुपये वर्षभर बारा हप्त्यांत फेडायचे असतील तर असे दहा टक्के प्रत्यक्षात अठरा टक्क्यांच्या घरात जातात. 'रिड्यूसिंग' म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज. एक शब्द विचारला असता तर पैसे वाचले असते.

काही सभासद म्हणतील, आता ह्या वयात इंग्रजी कुठे शिकायचे? इंग्रजी शिकायला कोण सांगतो आहे! युरिया, पोटॅश, ड्रिप, रिकव्हरी हे शब्द आपण कोणत्या शाळेत शिकलो? गरज पडली, शिकलो. को ८६०३२ हा आकडा तर आपल्यापैकी कोणीही झोपेतून उठून सांगेल. पैशाचे शब्दही वीस-पंचवीसच आहेत. डेबिट म्हणजे खात्यातून गेले, क्रेडिट म्हणजे खात्यात आले. पण क्रेडिट कार्डातले क्रेडिट म्हणजे उधारी. ई.एम.आय. म्हणजे महिन्याचा हप्ता, ओव्हरड्यू म्हणजे थकलेला. ओ.टी.पी. ही तिजोरीची एका वेळेची किल्ली. फोनवर ती कोणालाही देऊ नये. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेतली ठेव तो ताब्यात घेतो, पण ती वारसांसाठी.

दुसरे सभासद म्हणतील, कागद मराठीतच का नकोत? अगदी खरे आहे, आणि ती मागणी आपण केलीच पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो. व्याज आणि इतर खर्च धरून कर्ज वर्षाला एकूण किती टक्क्यांना पडते ते त्यात असते, आणि कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत तो लिहून, समजावून द्यायचा असतो. पण ह्या कागदाचे नावच ठाऊक नसेल तर तो मागणार कसा? मराठी मागायलासुद्धा हे एवढे इंग्रजी लागते.

आणि हो, आपल्या घरातही पाहिले पाहिजे. काट्याच्या पावतीवर ग्रॉस, टेअर, नेट; बिलावर एच अँड टी. म्हणजे भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ ऊस, आणि तोडणी-वाहतूक. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफ.आर.पी., म्हणजे रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये ठरला. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्यास ३४ रुपये ६० पैसे जास्त. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरते ते सभासदाच्या हाती पडते. ही फोड न समजल्याने कोणी उगाच कारखान्यावर संशय घेतो, तर कोणी खरी चूक असूनही मुकाट बसतो. दोन्ही वाईट.

म्हणून आमची सूचना अशी. पावतीच्या आणि बिलाच्या पाठीमागे ह्या शब्दांचे अर्थ मराठीत छापावेत, ही विनंती आम्ही व्यवस्थापनाकडे करीत आहोत. तोपर्यंत घरातल्या शिकत्या नातवंडांना पासबुक वाचायला बसवावे, आणि घरातल्या बायकांनाही त्या बैठकीत घ्यावे. कर्जाची झळ त्यांना आधी लागते. कागद घेऊन गट ऑफिसात आलात तर आमची माणसे सोबत बसून वाचतील. त्यात कमीपणा काहीच नाही.

बेणे घेताना आपण डोळा तपासतो, मगच सरीत टाकतो. सही करतानाही तेवढा वेळ द्यावा, एवढेच सांगणे.

— ऊस विकास अधिकारी